बंदूक शिकवणाऱ्या नव्या गुरुजींसाठी



शेतीखात्याच्या माणसाने बंदुकीवर लिहावे याचे तुम्हांला नवल वाटेल. पण तसे कारण घडले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलच्या नेमबाजीत कांस्यपदक मिळवले आणि आमच्या देवगाव रंगारीच्या पोरापोरींनाही छर्‍याच्या बंदुकीची ओढ लागली. शिवाय गौताळ्याच्या जंगलाला लागून असलेला आमचा कन्नड तालुका. रानडुकरे आणि रोही मक्यात शिरतात, म्हणून राखणीसाठी परवान्याची बंदूक मागणारेही आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अशा अर्जदाराला सुरक्षिततेचे शिक्षण सक्तीचे केले आहे. शिकणारे वाढले, तेव्हा शिकवणारेही लागणारच.

असेच शाळेतल्या मुलांना शिकवण्याचे काम पत्करलेले एक निवृत्त हवालदार माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, बंदूक मला येते. शिकवायचं कसं, तेवढं सांगा. तुम्ही तीस वर्षं फवारणी शिकवताय."

उद्या तुमच्यापैकीही कोणा माजी सैनिकावर किंवा एन.सी.सी.च्या मास्तरांवर ही पाळी येईल, म्हणून त्यांच्याशी झालेले बोलणे येथे लिहितो.

पहिली गोष्ट, भाषण कमी करा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. त्यानंतर गावोगाव सभा झाल्या. हातमोजे घाला, तोंड झाका, वाऱ्याच्या दिशेने फवारा, असे सांगितले की सभेत सगळे माना डोलावीत. दुसऱ्या दिवशी बांधावर जावे, तर हातमोजे खिशात! ज्यांच्याकडून आम्ही तिथेच करून घेतले, त्यांच्याच अंगवळणी पडले. बंदुकीचेही तसेच. नियम तोंडपाठ म्हणणारा पोरगा हाक मारली की बंदुकीसकट गर्रकन वळतो.

म्हणून मी हवालदारांना एक युक्ती सुचवली. पाठीवरचा फवारणीपंप स्वच्छ धुऊन त्यात साधे पाणी भरा. पोरांच्या हाती बंदूक देण्याआधी पंपाची नळी द्या आणि पाणी चालू ठेवून मैदानात फिरायला लावा. मधूनच नावाने हाक मारा. नळी ज्याच्याकडे वळेल तो भिजेल. हवालदार हसले, पण त्यांनी केले. पहिल्या दिवशी अर्धा वर्ग भिजला. एका मुलीने आपल्याच पायावर फवारा सोडला. तिसऱ्या दिवशी कोणी भिजेना. मग त्याच हातांत त्यांनी रिकामी बंदूक दिली. नळी नेहमी भरलेलीच समजायची आणि माणसाकडे, गुराकडे, स्वतःच्या पायाकडे कधी न्यायची नाही, हे त्यांना तासभर बोलून पटले नसते.

चापावर बोट नेम धरल्यावरच जाईल. तोवर ते सरळ, बाजूला.

निशाणामागे काय आहे ते शिकवणाऱ्याने स्वतः चालत जाऊन पाहावे. काळ्या मातीचा उंच, जाड बांध गोळी पोटात घेतो. दगडी ताल किंवा भरलेले शेततळे यांवरून तीच गोळी उसळून भलतीकडे जाते. एन.सी.सी.ची पोरे जी पॉइंट टू टू रायफल चालवतात, तिची एवढीशी गोळी दीड किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते. मधे निंदणीच्या बाया असल्या तर? मका पुरुषभर वाढला की पलीकडचे माणूस दिसतही नाही. रात्रीच्या राखणीत सळसळीवर बार टाकणाऱ्याला मी तरी शिकलेला म्हणणार नाही.

नळी मोडून भरायच्या छर्‍याच्या बंदुकीला लोक खेळणे समजतात. नळी उघडी असताना चाप ओढला गेला, तर ती फटकन मिटते आणि बोटे चेचते. भरताना एका हाताने नळी धरूनच ठेवायला लावा. परवान्याच्या बंदुकीचा बार फुसका गेला तर ती लगेच उघडू देऊ नका. नळी निशाणाकडेच ठेवून मिनिटभर थांबा; दारू कधी कधी उशिरा पेटते. छरे शिशाचे असतात. फवारणीनंतर जसे साबणाने हात धुऊन मगच भाकरीला हात लावतो, तसे येथेही करा.

एखादा पोरगा मन लावूनही सारखा चुकतो. त्याला रागावण्याआधी त्याचा डोळा तपासा. दोन्ही हातांच्या बेचक्यांतून छोटी खिडकी करून, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबचे झाड पाहायला सांगा. मग एकेक डोळा मिटायला लावा. ज्या डोळ्याला झाड दिसत राहील तो जोरकस. पुष्कळांचा हात उजवा, पण डोळा डावा असतो. अशांना दस्ता डाव्या खांद्याला लावायला शिकवून पाहा.

रागावण्यावरून आमचा थोडा वाद झाला. फौजेत आवाज चढवावाच लागतो, असे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, "गुरुजी, छर्रा आतच राहिला," असे जो आपण होऊन सांगतो त्याला ओरडलात, तर पुढच्या वेळी तो लपवील, आणि लपवलेला छर्राच घात करील. मात्र गंमत म्हणून दुसऱ्यावर नळी रोखणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवा, मग तो सरपंचाचा मुलगा का असेना.

कायद्याचे दोन शब्द सांगायलाच हवेत. परवाना मिळाला म्हणजे रानडुक्कर मारायची मुभा मिळाली, असे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी वेगळी लागते. आणि लग्नाच्या वरातीत निष्काळजीपणे बार उडवला, तर २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही.

घरी बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी, काडतुसे दुसऱ्या पेटीत. पोरांना चावीची जागा माहीत नसते, हा बापांचा मोठा गैरसमज. हवालदारांनी पुढे गावातल्या परवानाधारकांनाही बोलावले आणि शेवटच्या दिवशी त्यांच्या घरच्या बायाही आल्या. तेव्हा एका म्हातारीने लेकाला सगळ्यांदेखत विचारले, "काडतुसाच्या पेटीची चावी कुठं असती रं?" लेक म्हणाला, "देवळीत." तिथे तर तिच्या नातवाची भिंगरी असते. ती चावी आता म्हातारीच्या कनवटीला आहे.