टिपेश्वरच्या गेटवरची मोजणी

आमच्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव बाहेरगावी काढले की ऐकणाऱ्याला दोनच गोष्टी आठवतात, एक कापूस आणि दुसरी शेतकऱ्यांच्या आत्महत्या. या जिल्ह्यात पाहण्यासारखे काही आहे, असे सांगितले तर लोक हसतात. पण गेल्या काही वर्षांत चित्र बदलले आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या पांढरकवड्याला आता लांबलांबच्या गाड्या थांबतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांवर तेलंगणाच्या पाट्या असतात. ही मंडळी टिपेश्वरचा वाघ पाहायला येतात.

मुलांच्या शाळेला सुट्ट्या लागल्या तेव्हा आम्हीही जायचे ठरवले. मी, पत्नी, दोन मुले, धाकटा भाऊ आणि आमच्या आत्याबाई अशी सहा माणसे. एका जिप्सीत सहाच बसतात, म्हणून हिशेब बरोबर जमला. आत्याबाईंचे सारे आयुष्य केळापूर तालुक्यात गेले. पराटी निंदणे, कापूस वेचणे, जंगलाच्या कडेने सरपण आणणे आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणे हेच त्यांचे काम. "वाघ पाहाले पैसे द्या लागते?" त्यांनी विचारले. द्यावे लागतात, असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या काळी जनावर पाहाले पैसे लागत नव्हते. जनावरच आम्हाले पाहाले येत होतं."

सुन्ना गेटवर आम्ही पहाटे पोहोचलो. तिथे ओळखपत्रे तपासली, वहीत नावे उतरवली, माणसे मोजली. आत्याबाईंचे नाव सांगितले तेव्हा त्या थोड्या सावरून उभ्या राहिल्या. ज्या जंगलाच्या काठावर त्या पन्नास-साठ वर्षे वावरल्या, त्या जंगलाच्या वहीत त्यांचे नाव पहिल्यांदाच लागत होते, आणि तेही 'पर्यटक' म्हणून.

टिपेश्वर तसे मोठे नाही. १४८ चौरस किलोमीटरचे हे जंगल १९९७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १७०० चौरस किलोमीटरच्या वर आहे, त्यापुढे टिपेश्वर म्हणजे मोठ्या वावराच्या कोपऱ्यातला एक तुकडा. सागाचे जंगल, मधूनमधून गवताची मोकळी मैदाने, नाले आणि पाणवठे. टिपेश्वर नावाचे गाव पूर्वी या जंगलाच्या आतच होते. पुनर्वसनात ते बाहेर आले. आजूबाजूच्या गावांत कोलाम आणि गोंड बांधवांची वस्ती आहे.

आम्हाला वाघ दिसला नाही, हे आधीच सांगून टाकतो. चितळांचे कळप दिसले, सांबर दिसले, मोर तर पावलोपावली दिसले. रोही दिसताच आत्याबाई म्हणाल्या, "ह्याच्यापायी तं आम्ही रात्र-रात्र वावरात जागलो." एका वळणावर मऊ धुळीत वाघाचे पाऊल उमटलेले होते. गाईड जवळच्याच गावचा तरुण. त्याने गाडी थांबवून मुलांना ते नीट दाखवले. मुले त्या पावलावरच खूश झाली.

परतताना मी त्याला विचारले, "रोज किती माणसे येतात?" त्याने जे समजावले ते वाचकांनीही समजून घेण्यासारखे आहे. अभयारण्यात येणाऱ्यांची संख्या जत्रेसारखी वाढत नाही. सकाळी एक फेरी, दुपारी एक फेरी. प्रत्येक गेटमधून एका फेरीला ठराविकच गाड्या सोडतात. रस्ता किती लांब आहे, दोन गाड्यांत किती अंतर राहिले पाहिजे, फेरीला किती वेळ लागतो, यावर हा आकडा ठरतो. पावसाळ्यात गेट बंदच असते. म्हणजे वर्षभराचा आकडा किती लोकांना यायचे होते ते सांगत नाही, किती लोकांना आत घेतले तेवढेच सांगतो. वाघांना आणि हरणांना निवांतपणा मिळावा म्हणून ही मर्यादा हवीच, त्याबद्दल आमचा वाद नाही.

पण जागा मोजक्या असल्या की त्या मिळतात कोणाला, हा प्रश्न उरतोच. जिप्सी, गाईड आणि प्रवेश यांचा आमचा खर्च सहा जणांत वाटला तरी माणशी दोन-तीन दिवसांच्या शेतमजुरीएवढा झाला. आम्ही वर्षभर थोडे-थोडे बाजूला टाकले म्हणून जमले. गेटपासून हाकेच्या अंतरावरच्या झोपडीतले पोर मात्र रोज जिप्सींची धूळ पाहते, आतला पाणवठा पाहत नाही.

मोजणीचा विषय निघाला म्हणून दुसऱ्या एका मोजणीची आठवण करून देतो. वैशाख पौर्णिमेला, म्हणजे बुद्ध पौर्णिमेला, आपण विहारात वंदना घेतो, घरी खीर करतो. त्याच रात्री महाराष्ट्राच्या जंगलांत पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर माणसे प्राणी मोजत बसलेली असतात. कारण साधे आहे. कडक उन्हाळ्यात जंगलातले पाणी आटून मोजक्या ठिकाणी उरते, तहानलेले जनावर तिथे येतेच, आणि पूर्ण चंद्राच्या उजेडात ते दिसते. आता वाघांची शास्त्रीय गणना या पद्धतीने होत नाही. झाडांना बांधलेले कॅमेरे वाघाचे फोटो टिपतात आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखला जातो. त्यामुळे पौर्णिमेची रात्र ही आता सामान्य माणसाला जंगलाची ओळख व्हावी यासाठी आहे. ज्या रात्री आपण करुणेची शिकवण आठवतो, त्याच रात्री मुक्या जिवांना कोणीतरी शांत बसून न्याहाळते, ही गोष्ट मला फार आवडली.

मोजणी प्रामाणिक नसली तर काय होते, ते राजस्थानने पाहिले आहे. तिथल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात कागदोपत्री वाघ होते. २००५ साली मात्र कळले की जंगलात एकही वाघ उरलेला नाही, सगळे शिकाऱ्यांनी मारले. त्यानंतर पावलांच्या ठशांवरून मोजण्याची जुनी पद्धत सोडून देशभर कॅमेऱ्यांची पद्धत आली. या नव्या पद्धतीने महाराष्ट्रात २००६ साली सुमारे १०३ वाघ मोजले गेले, २०१४ साली १९०, २०१८ साली ३१२ आणि २०२२ साली ४४४. ही वाढ अभिमानाची आहे.

वाघ वाढले, पण जंगल तेवढेच राहिले. टिपेश्वरच्या एका तरुण वाघाला २०१९ साली गळ्यात रेडिओ कॉलर लावली होती. जागेच्या शोधात तो निघाला आणि शेते, रस्ते, नाले ओलांडत १३०० किलोमीटरहून अधिक चालून बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वर्तमानपत्रांनी त्याचे फार कौतुक केले. वाटेत त्याने किती गावांचे शिवार पार केले असेल, याचा विचार ज्याला रात्री ओलित करायला वावरात जावे लागते तोच करतो.

पांढरकवडा-राळेगाव भागात काय घडले, तेही विसरता येत नाही. दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका 'टी-१' किंवा 'अवनी' या वाघिणीवर आला, आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालून ठार करण्यात आले. त्या वाघिणीसाठी देशभर हळहळ झाली. हळहळ खोटी नव्हती. तिचे दोन बछडे मागे राहिले होते. पण जी माणसे गेली ती कोण होती? वावरात राबणारी, गुरे चारणारी, आपल्याच घरांतल्यासारखी माणसे. वाघ पाहायला आलेल्याचे नाव गेटच्या वहीत लागते. न बोलावता वाघ ज्याच्या समोर आला, त्याचे नाव पंचनाम्यात लागते. या दोन वह्या कधीतरी शेजारी-शेजारी ठेवून वाचायला हव्यात.

आता ज्यांना जिप्सीचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, उमरखेड तालुक्यात, पैनगंगेवर सहस्रकुंडचा धबधबा आहे. नदीच्या एका काठाला आपला यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या काठाला नांदेड. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानकही आहे. पावसाळ्यात काळ्या खडकांवरून पाणी असे कोसळते की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते. आम्ही गेलो तेव्हा लोक टेम्पोने, दुचाकीने, भाकरी बांधून आले होते. आमचे नाव-गाव कोणी विचारले नाही. म्हणजे पर्यटनाच्या आकड्यांत ही कष्टकऱ्यांची गर्दी कितपत धरली जात असेल, अशी शंका मनात येते. जे मोजलेच जात नाहीत, त्यांच्यासाठी सावली, पिण्याचे पाणी आणि बायाबापड्यांसाठी संडास कोण बांधणार? आणि एक सूचना. वर इसापूरचे धरण आहे. पाणी सोडले की प्रवाह अचानक वाढतो. मुलांना खडकावर उतरू देऊ नका.

माझे म्हणणे एवढेच आहे. गेटवरच्या वहीत आणखी दोन रकाने असावेत. काठावरच्या गावांतली किती शाळकरी मुले या वर्षी आत जाऊन आली, आणि किती घरांना या जंगलातून रोजगार मिळाला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत अभयारण्ये बंद झाली, तेव्हा गाईड आणि जिप्सीचालकांच्या घरी काय परिस्थिती ओढवली असेल, ते वेगळे सांगायला नको. पर्यटकांच्या आकड्यावर त्यांच्या चुली अवलंबून आहेत. आपल्या वस्त्यांतील मंडळे आणि विहार समित्या दरवर्षी सहली काढतात. एक सहल टिपेश्वरची काढावी, आणि जिप्सीत दोन जागा काठावरच्या गावातील मुलांसाठी ठेवाव्यात.

घरी परतल्यावर शेजारणीने आत्याबाईंना विचारले, "दिसला का वाघ?" त्या म्हणाल्या, "वाघ नाही दिसला. पण वहीत माह्यं नाव लागलं."