फेडलेले ऋण आणि न फाटलेला कागद

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात लेख्याचे प्रकरण आहे. त्यात सांगितलेली एक लहानशी रीत आम्हांस विद्यार्थिदशेपासून फार आवडत आली आहे. ऋणको जसजसे पैसे देईल तसतसे त्याने ते लेख्याच्या, म्हणजे कर्जरोख्याच्या, पाठीवर लिहीत जावे, किंवा धनकोने स्वहस्ताक्षराची पावती द्यावी. आणि ऋण पुरते फिटले म्हणजे तो रोखा फाडून टाकावा. साक्षीदारांसमक्ष घेतलेले कर्ज साक्षीदारांसमक्षच परत करावे, असेही तेथे सांगितले आहे. ज्यांनी घेताना पाहिले त्यांनी फेडतानाही पाहावे, हा त्यातील भाव. यात केवळ व्यवहार नाही, मनुष्यस्वभावाची पारखही आहे. कर्ज घेतल्याची वार्ता आपोआप गावभर होते; फेडल्याची वार्ता मात्र मुद्दाम करावी लागते.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण शास्त्रचर्चा नव्हे. गेल्या वर्षी आमच्या घरात जो प्रसंग उद्भवला, तो थोड्याफार फरकाने पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत उद्भवत असावा. पण लाजेस्तव त्याची वाच्यता कोणी करीत नाही. ती आम्ही करावी असे मनाने घेतले.

आमचे घर संगमनेरास, प्रवरेपासून हाकेच्या अंतरावर आहे. आम्ही उभयता, दोन चिरंजीव, दोन सुना आणि तीन नातवंडे, अशी नऊ माणसे एका स्वयंपाकघरावर नांदतो. जुने घर मोडकळीस आले म्हणून २०१६ साली ते उतरवून नवे बांधले. त्यासाठी गृहकर्ज देणाऱ्या एका संस्थेकडून दोघा चिरंजीवांच्या नावे एकवीस लाख रुपये काढले आणि घर तिच्याकडे गहाण ठेवले. व्याज शेकडा पावणेदहा. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर तीन पावलांनी साडेसहावरून साडेपाचावर आणला. धाकटे चिरंजीव स्वभावाने हिशेबी. त्यांनी कागदावर मांडून दाखविले की, बाकी राहिली सोळा लाख, मुदत राहिली अकरा वर्षे. हे कर्ज सव्वाआठ टक्क्यांनी दुसऱ्या बँकेकडे वळविले तर सुमारे एकोणीस हजार आठशेंचा हप्ता साडेअठरा हजारांवर येतो, आणि अकरा वर्षांत पावणेदोन लाखांच्या घरात बचत होते. यास टेकओव्हर म्हणतात. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास व्यक्तीकडून दंड घ्यावयाचा नाही, असा नियम २०१२ पासून आहे. तेव्हा अडचण काही दिसत नव्हती. अर्ज गेला, कागदपत्रे गेली, बँकेचा मनुष्य घर पाहून गेला. आणि पंधरा दिवसांनी नकार आला.

नकाराचे कारण थोरल्या चिरंजीवांच्या नावावर निघाले. त्यांचा लग्नपत्रिका छापण्याचा लहानसा छापखाना होता. २०१९ साली त्यांनी धंद्यासाठी तीन लाखांचे बिनतारणी कर्ज काढले होते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. लग्नेच थांबली, तेथे पत्रिका कोण छापणार? रिझर्व्ह बँकेने हप्त्यांस दिलेली सहा महिन्यांची सवलत ऑगस्टअखेर संपली, धंदा मात्र उठला नाही. हप्ते थकले, वसुलीचे दूरध्वनी येऊ लागले. शेवटी २०२१ साली कर्ज देणाऱ्या संस्थेनेच तोड सुचविली की, एक लाख चाळीस हजारांच्या बाकीपोटी पंच्याण्णव हजार एकरकमी भरावे, उरलेले सोडून देऊ. थोरल्यांनी छपाईचे यंत्र विकून ती रक्कम भरली. हातात पत्र आले, ते जपून ठेवले आणि विषय संपला असे मानले. घरात कोणास बोलले नाहीत. यंत्र जुने झाले म्हणून विकले, एवढेच आम्हांस ठाऊक होते.

परंतु विषय संपला नव्हता. कर्जाच्या नोंदवहीत दोन शब्द निरनिराळे आहेत. पुरते फिटलेल्या खात्यापुढे ‘क्लोज्ड’ असे लिहितात. काही रक्कम सोडून देऊन मिटविलेल्या खात्यापुढे ‘सेटल्ड’. घरच्या भाषेत दोहोंचा अर्थ एकच, मिटले! पण बँकेच्या दृष्टीने पहिला मनुष्य शब्दास जागलेला, आणि दुसरा अर्ध्यावर थांबलेला.

ही नोंदवही ठेवणारी पहिली संस्था, जिला सर्वजण सिबिल म्हणतात, २००० साली स्थापन झाली. आणि २००५ च्या कायद्याने अशा संस्थांस रीतसर चौकट मिळाली. सध्या देशात अशा चार कंपन्या आहेत. बँका आपल्या कर्जदारांची माहिती त्यांना कळवितात. पूर्वी ती महिन्याने जाई, २०२५ च्या जानेवारीपासून ती दर पंधरवड्यास जाऊ लागली. त्यावरून प्रत्येकास तीनशे ते नऊशे या दरम्यान गुण मिळतात. ही माहिती निदान सात वर्षे जपून ठेवावी लागते. किती गुणांखाली कर्ज नाकारावे हे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेले नाही. ते प्रत्येक बँक आपले आपण ठरविते.

येथवर गोष्ट पैशाची होती. पुढे ती घराची झाली. बँकेतील गृहस्थ मोठे सौजन्यशील होते. त्यांनी धाकट्यांस बाजूस घेऊन सुचविले की, तुमचे स्वतःचे गुण उत्तम आहेत, पगारही पुरेसा आहे. पण जो घराचा मालक तो कर्जातही हवा, असा आमचा दंडक. तेव्हा वडीलबंधूंनी तुमच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले तर तुम्हां एकट्याच्या नावावर प्रकरण बसविता येईल.

त्या रात्री जेवणे झाल्यावर ही गोष्ट घरात निघाली. धाकट्यांच्या मनात कपट नव्हते, हे आम्ही शपथेवर सांगू. ते केवळ हिशेब सांगत होते. आणि थोरले तात्काळ म्हणाले, “करून टाकू. माझ्यापायी घराचे नुकसान नको.” त्यांच्या नकाराने आम्हांस जितके दुःख झाले नसते, तितके या होकाराने झाले. पंचेचाळीस वर्षांचा कर्ता पुरुष, ज्याने या घराचा पाया खणताना उन्हात उभे राहून विटा मोजून घेतल्या, तो पावणेदोन लाखांसाठी आपले नाव दारावरून उतरवावयास तयार झाला होता. कारण चार वर्षे मनात वागविलेली लाज त्यास घराच्या हक्काहून जड झाली होती. थोरल्या सूनबाई भिंतीकडे पाहत होत्या.

आम्ही स्मृतीतील वचने जुळवीत बसलो होतो. अविभक्त कुटुंबात कुटुंबासाठी केलेले ऋण ते सर्वांचे, असा याज्ञवल्क्याचा निर्णय आहे, इत्यादी. पण आमच्या आधी आमचे कुटुंबच बोलले : “छापखान्याचे पैसे येत होते तेव्हा ते कोणाच्या ताटात पडत होते? तेव्हा नाही कोणी हक्क सोडला!” यावर विज्ञानेश्वरासही मिताक्षरेत काही जोडता आले नसते. धाकट्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, “दादा, ते राहू दे. बाकी किती सोडून दिली होती त्यांनी?” पंचेचाळीस हजार. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या बोनसातील वीस हजार आणून ठेवले. उरलेले आमच्या निवृत्तिवेतनातून घातले.

ती रक्कम घेऊन दोघे बंधू त्या जुन्या संस्थेकडे गेले. सोडून दिलेले पैसे कोणी आपणहून भरावयास येतो हे पाहून तेथील मंडळींस नवल वाटले. रक्कम भरून बेबाकीचा दाखला घेतला, आणि नोंद ‘क्लोज्ड’ अशी दुरुस्त करून कळविण्याबद्दल लेखी अर्ज दिला. दीड महिन्याने ती बदलली. हप्ते थकल्याच्या जुन्या खुणा त्याने पुसल्या जात नाहीत, त्यांस काळच औषध. दुसऱ्या बँकेचे दार तूर्त बंदच आहे. पण गृहकर्जाच्या मूळ संस्थेकडे आम्ही लेखी मागणी केली; तेव्हा काही शुल्क घेऊन तिनेच व्याज पाऊण टक्क्याने उतरविले. बचत जवळजवळ निम्मी झाली, आणि घरावर दोन्ही नावे राहिली.

या प्रकरणाने आम्हांस आमच्या धंद्यातील एका रकान्याची आठवण झाली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो. वर्गशिक्षक या नात्याने तो भरण्यासाठी आमचे मत पस्तीस वर्षे विचारले गेले. मुलांत खोडकर असत, पळपुटे असत. तरी लिहिताना आम्ही ‘चांगली’ असेच सांगत असू. ही लबाडी नव्हे. तो कागद जेथे जाणार तेथे आम्ही जाणार नाही, त्या मुलाने कोणत्या दिवसांत काय सोसले हे सांगावयास तेथे कोणी असणार नाही, हे आम्हांस ठाऊक असे. कागदास स्मरण असते, पण कारण ठाऊक नसते. थोरल्यांच्या खात्यापुढे एक शब्द आहे. टाळेबंदी नाही, विकलेले यंत्र नाही.

कागदाचा हा जाच नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि तो आमच्याही जिल्ह्यात, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, पसरला. जमावाचा कटाक्ष मुख्यतः माणसांच्या जिवावर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, त्यात दोन गोष्टी मोठ्या शहाणपणाच्या होत्या. एक, न्यायाधीशाने केवळ रोख्यावर विसंबू नये, देण्याघेण्याचा मुळापासूनचा इतिहास पाहावा. आणि दुसरी, सावकाराने ऋणकोस पावती व हिशेब द्यावा. आजच्या नोंदवहीपुढेही तेच दोन प्रश्न उभे आहेत. २०२५ च्या मे महिन्यात मुख्यमंत्र्यांनी बँकांस, पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका, असे बजावले. त्यामागेही शेतकऱ्याच्या थकबाकीत पावसाचा हात असतो, ही जाण आहे.

मात्र नोंदवहीच नको असे म्हणणे आम्हांस पटत नाही. बँक जो पैसा कर्जाऊ देते तो कोणा विधवेची, कोणा निवृत्ताची ठेव असते. आमच्याच जिल्ह्यातील नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना, पुरेसे भांडवल व कमाईची आशा नाही या कारणास्तव, रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. विमा पाच लाखांपर्यंतच्या ठेवीस. त्यावरच्यांची काळजी आम्ही ओळखीच्या घरांतून पाहिली आहे. कर्ज देताना मनुष्य पारखून घ्यावा, यात अन्याय नाही. अन्याय तेव्हा होतो, जेव्हा पारख करणारा एक शब्द वाचून थांबतो.

तेव्हा वाचकांस चार गोष्टी सुचवून लेखणी ठेवतो. कर्ज मिटविताना काही सोडून देण्याची तोड निघाली तर नोंदवहीत कोणता शब्द लिहिला जाणार हे आधी लेखी विचारावे. शेवटचा पैसा भरल्यावर बेबाकीचा दाखला घ्यावा. गहाण घराचे कर्ज फिटल्यास मूळ कागद तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत, असा डिसेंबर २०२३ पासून नियम आहे. आपली नोंद प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळते; दिवाळीच्या आवराआवरीत ती एकदा घरातील सर्वांची पाहावी, आणि चूक आढळल्यास तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल न लागल्यास पुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई ठरलेली आहे.

चौथी गोष्ट कोणत्याही परिपत्रकात नाही. घरात ज्याच्यावर ऋण झाले असेल, त्यास ते जेवणाच्या पानावर सांगता येईल असे घर असावे. थोरले चार वर्षे जे एकटे वाहत होते, ते नऊ माणसांत वाटल्यावर दोन दिवसांचे काम ठरले. अलीकडे ते पुन्हा पत्रिकांची कामे घेऊ लागले आहेत. यंत्र दुसऱ्याचे, अक्षरजुळणी त्यांची. रात्री हिशेबाची वही आता ते धाकट्यांपुढे उघडी ठेवतात.