गोळा, गोल्टी, बदला

कल्याणहून माळशेज घाट चढून आलेला रस्ता मढ मागे टाकतो आणि ओतूर गाठायच्या आधी डिंगोऱ्यावरून जातो. गाडीतून बघणाऱ्याचं गाव दोन मिनिटांत संपतं. घरात शिरलेल्याचं मात्र लवकर संपत नाही, संध्याकाळी तर नाहीच. जुन्नर तालुक्यात धरणांचं पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसाच्या आसऱ्याला बिबट्या आला. दिवेलागण झाली की पोरांना अंगणातून हाका मारून आत घेतात. बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. पोरांना मात्र अंधार पडल्यावर घराशिवाय निवारा नाही. म्हणून इथली संध्याकाळ लांबलचक असते आणि ती सगळी घरातल्या माणसांच्या वाट्याला येते.

तिचं काय करायचं हा प्रश्न बहुतेक घरांत दोनच वस्तूंनी सुटतो, वही आणि मोबाइल. आधी वही, ती पुरी झाल्याचं बक्षीस म्हणून मोबाइल. आईला विचारलं तर ती पदराला हात पुसत म्हणते, “आमी काय शिकवणार? शाळंत बाई हायेत की.” आजी तर बोलतही नाही. आपण अडाणी, आपला अभ्यासाशी काय संबंध, असं धरून ती भाकरीकडे वळते.

मला हे पटत नाही. कारण याच आजीला मी कांदाचाळीपाशी कांदा निवडताना पाहिलेलं आहे. समोर उन्हाळ कांद्याचा ढीग, शेजारी पाच-सहा वर्षांचा नातू. आजीचे हात न थांबता चालतात : गोळा इकडे, गोल्टा तिकडे, गोल्टी वेगळी, डागाळलेला नि मऊ पडलेला तो बदला. नातू एक कांदा उचलतो. “आज्जे, ह्यो गोल्टा का गोल्टी?” आजी उत्तर देत नाही. म्हणते, “दोन्ही धर हातात नि तूच सांग.” पोरगं दोन्ही कांदे तळहातावर तोलतं, विचार करतं, चुकतं, पुन्हा टाकतं. आकारावरून, वजनावरून, स्पर्शावरून वस्तूंचे गट पाडणं हा बालवाडीच्या अभ्यासक्रमातला मोठा विषय आहे. तो आजी शिकवते आहे आणि तिला त्याचा पत्ता नाही. त्यातही सगळ्यात मोलाचं काय, तर तिने उत्तर दिलं नाही.

पुढच्या इयत्तांचंही साहित्य घरात पडलेलं असतं. आपल्याकडे कांद्याचा भाव दहा किलोला बोलतात, नारायणगावला टोमॅटो वीस किलोच्या क्रेटने जातो. मग आपल्या पन्नास किलोच्या गोणीचे किती झाले? बाजारातून आलेली पट्टी बाप घडी घालून खिशात ठेवतो. ती चौथीतल्या मुलीच्या हातात द्यावी आणि मोठ्याने वाचायला सांगावी : वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात उरले ते. वाचन झालं, वजाबाकी झाली, आणि बापाचा चेहरा आज का उतरलाय हेही तिला कळलं. हे शेवटचं कुठल्याच पुस्तकात नाही.

इथे एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. पोरांना कामाला जुंपणं वेगळं आणि कामाशेजारी बसवून त्यांच्याशी बोलणं वेगळं. शाळा बुडवून दिवसभर कांदा निवडणारं पोर काही शिकत नाही, फक्त थकतं. फरक पडतो तो बोलण्याने.

जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत डबे पोचवत आली. डब्यावरचा रंग, आकडा, अक्षर एवढ्यावरून तो कुठल्या स्टेशनला उतरवायचा नि कुठल्या इमारतीत चढवायचा, हे थोडकं शिकलेल्या माणसांनी बिनचूक सांभाळलं. असा एखादा आजोबा गावी परत आलेला असेल, तर त्याने नातवंडांना त्या खुणा काढून दाखवाव्यात. खूण वाचता येणं ही अक्षर वाचण्याच्या आधीची पायरी आहे. आणि आकड्यांचं म्हणाल तर आपला तालुका त्यात फार जुना. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या नागणिका राणीचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. यज्ञात दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण यांचे आकडे त्यात कोरलेत, आणि भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकचिन्हांमध्ये त्यांची गणना होते. सहलीला गेलेली मुलं तिथे दगडी रांजणाजवळ फोटो काढून परततात. त्यांना भिंतीवरचा एक तरी आकडा शोधायला लावायला काय हरकत आहे?

शिकवायचं साहित्य मुलांच्या अवतीभवतीच पडलेलं असतं, हे लहान मुलांच्या शिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ओळखलं होतं. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर परवडणार नव्हती, म्हणून त्यांनी बिया, शंख-शिंपले, खडे, पानं घेतली. मुलं शाळेत येईनात तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी म्हणतो ती तिथली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलंय की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. त्या सहा वर्षांत मूल बाईंपेक्षा आजीजवळ जास्त असतं, एवढं सांगायला धोरण लागत नाही.

श्रावणात ओतूरला कपर्दिकेश्वराच्या देवळात कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात. मुलं हमखास विचारतात, “ह्या पडत कशा नाहीत?” “देवाची करणी” म्हणून विषय मिटवता येतो. किंवा घरी वाटीभर तांदूळ देऊन “कर बघू” असंही म्हणता येतं. पिंड ढासळते, पोरगं पुन्हा रचतं, तांदूळ घरभर होतात, सून वैतागते. तिने वैतागावं, पण तांदूळ काढून घेऊ नयेत.

घाट उतरलं की मुरबाड तालुका. तिथल्या फांगणे गावात २०१६च्या ८ मार्चला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी शाळेत जाऊ लागल्या. घरी त्यांचा अभ्यास नातवंडं घेत. डिंगोऱ्यातल्या आज्यांनी मात्र अशी शाळा निघायची वाट बघत बसू नये. आज रात्री जेवणं झाली की नातवाला जवळ घ्या आणि म्हणा, “तुला आज बाईंनी काय शिकवलं, ते मला शिकव.” आणि तो शिकवत असेल तेवढा वेळ, सूनबाई, टीव्ही बंद ठेवा.