अतिथी आणि आरोपी

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी या शब्दाची पारंपरिक व्युत्पत्ती सांगितली जाते. दूरचित्रवाणीवरील गप्पांच्या कार्यक्रमात येणारा पाहुणा या अर्थाने अतिथी नव्हेच. त्याची तिथी आधी ठरलेली असते आणि बहुधा ती नव्या चित्रपटाच्या प्रदर्शनाला लागूनच येते. तरीही तेथे ऐसपैस कोच असतो, टाळ्यांचे स्वागत असते, यजमानाच्या मुद्रेवर घरी आलेल्या माणसाविषयीचे अगत्य असते. या अगत्याची खरी जात ओळखावयाची असेल, तर तेथे आलेल्या तरुण, कीर्तिमान स्त्रीला कोणते प्रश्न विचारले जातात ते पाहावे.

अमेरिकेत हा प्रकार रुजला तो एन. बी. सी. वाहिनीवर १९५४ मध्ये सुरू झालेल्या ‘टुनाइट शो’मुळे. अशा गप्पा वरकरणी उत्स्फूर्त वाटतात. परंतु त्यांच्यामागे बरीच पूर्वतयारी असते. निर्मात्यांपैकी कोणी पाहुण्याशी आधी बोलून घेतो, कोणता किस्सा रंगेल याचा अंदाज घेतो आणि त्यावरून यजमानाच्या हातातील टिपणे तयार होतात. अभिनेत्रीला चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी यावेच लागते. पुष्कळदा करारानेच ती बांधलेली असते. उठून जाण्याचे स्वातंत्र्य तिला तत्त्वतः असते, व्यवहारात नसते.

एप्रिल २०१३ मध्ये लिंडसे लोहान ही सव्वीस वर्षांची अभिनेत्री डेव्हिड लेटरमन यांच्या कार्यक्रमात आली, ती एका विनोदी चित्रपटाच्या निमित्ताने. न्यायालयीन प्रकरणाच्या निकालानुसार तिला लवकरच व्यसनमुक्ती केंद्रात जावयाचे होते. पासष्टीच्या लेटरमन यांनी तोच विषय धरला. आजवर कितीदा जाणे झाले, उपचार नेमके कशावर, या खेपेला निराळे काय घडणार, असे प्रश्नामागून प्रश्न आले. पूर्वचर्चेत हे ठरले नव्हते, असे तिने तेथेच सांगून पाहिले. त्यावरही प्रेक्षक हसले. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद नाही. परंतु या प्रश्नांचे मराठी करावयास कोणी बसला, तर त्याच्या लेखणीतून ‘तू’ हेच सर्वनाम उतरेल, आणि ते जवळिकीचे नसेल. घरातील वडीलधारा चुकलेल्या मुलीला चार पाहुण्यांसमोर उभी करतो, त्या वेळचे ते ‘तू’ असेल.

हा केवळ पुरुष यजमानांचा दोष आहे, असे मानून सुटका होत नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये ए. बी. सी. वाहिनीवर डायॅन सॉयर यांनी एकवीस वर्षांच्या ब्रिटनी स्पिअर्सची मुलाखत घेतली. तो हास्यविनोदाचा कार्यक्रम नव्हता, गंभीर वृत्तविषयक कार्यक्रम होता, आणि मुलाखतकार स्त्री होती. तरी एका गायकाशी असलेले प्रेमसंबंध तुटल्याचा जाब गायिकेलाच द्यावा लागला. त्याला एवढे दुःख व्हावे असे तिने काय केले, हा प्रश्न होता. मेरीलँड राज्याच्या गव्हर्नरच्या पत्नीने तिला गोळी घालण्याविषयी काढलेले उद्गारही तिला ऐकवण्यात आले. तिला रडू कोसळले आणि मुलाखत थांबवण्याची विनंती तिने केली. हीच मुलगी दहा वर्षांची असताना, १९९२ मध्ये, एका स्पर्धात्मक कार्यक्रमात गाऊन गेली होती. तेथेही वयोवृद्ध निवेदकाने तिला विचारले होते ते तिच्या एखाद्या मित्राविषयी. गाणे संपले की गाण्याविषयी विचारण्यासारखे काही उरत नाही, हा धडा तिला इतक्या लवकर मिळाला.

या प्रश्नांचा घाट न्यायालयीन उलटतपासणीचा आहे. पण न्यायालयात साक्षीदाराला जे संरक्षण असते, ते येथे नाही. अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने विचारलेला प्रश्न न्यायाधीशाने मना करावा, अशी तरतूद १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात होती. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती राखली आहे. कोचावर बसलेल्या तरुणीच्या बाजूला वकील नसतो, हरकत घेण्याची सोय नसते आणि न्यायाधीशाचे काम प्रश्नकर्त्याकडेच असते. शिवाय तिने हसत राहावे, अशी अपेक्षा असते. रागावली तर ती उर्मट, रडली तर अस्थिर, गप्प बसली तर काहीतरी लपवणारी. हसू ही तिने भरावयाची दंडाची रक्कम असते.

यावर एक आक्षेप येईल. या स्त्रिया स्वतःच आपले खाजगी आयुष्य विकतात. मग तक्रार कसली? आक्षेप अगदीच निराधार नाही. प्रसिद्धीचा व्यवहार दुतर्फा असतो. परंतु अंगण दाखवले म्हणजे माजघराची किल्ली दिली, असे होत नाही. प्रसिद्ध पुरुषही आपले आयुष्य विकतात. त्यांना मात्र बहुधा त्यांच्या कामाविषयी विचारले जाते आणि त्यांच्या व्यसनांच्या कथा पराक्रमाच्या थाटात ऐकल्या जातात.

दुसरी वाट नव्हती, असेही नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये ब्रिटनीने मुंडण केले आणि साऱ्या विनोदवीरांना आयते भक्ष्य मिळाले. त्या वेळी क्रेग फर्ग्युसन या यजमानाने तिच्यावर विनोद करणार नाही, असे आपल्या प्रेक्षकांना सांगितले आणि स्वतःच्या मद्यासक्तीची हकीकत उघडपणे कथन केली. विनोदाने सबळांना लक्ष्य करावे, दुर्बळांना नव्हे, असे त्याचे म्हणणे होते. त्याचा कार्यक्रम त्यामुळे बुडाला नाही.

भारतातील परंपरेचा आरंभ तर निराळ्याच सुरात झाला होता. दूरदर्शनवर १९७२ ते १९९३ या काळात चाललेल्या ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ या कार्यक्रमात तबस्सुम कलावंतांना बोलते करीत. त्या स्वतः बालकलाकार म्हणून चित्रसृष्टीत वाढलेल्या. त्या गप्पांत चिकित्सा कमी होती, हे खरे. पण अदब होती. जानेवारी २०१६ मध्ये एका इंग्रजी वृत्तवाहिनीवर सनी लिओनी या अभिनेत्रीची जी मुलाखत झाली, तीत ती उरली नव्हती. गतायुष्याचा पश्चात्ताप होतो का, आमिर खान तिच्याबरोबर काम करील का, अशा प्रश्नांना ती न चिडता उत्तरे देत राहिली. पुढे आमिर खान यांनी, तिच्याबरोबर काम करण्यात आनंदच वाटेल, असे जाहीरपणे सांगितले. टीका झाली ती प्रश्न विचारणाऱ्यावर. प्रेक्षक प्रश्नाचीही पारख करू लागला, तर खेळ बदलतो, हे त्या वेळी दिसले.

२००८ पासून तेरा वर्षे ब्रिटनी स्पिअर्सचे आर्थिक व्यवहार आणि दैनंदिन जीवन न्यायालयाने नेमलेल्या पालकांच्या ताब्यात होते. मुलाखतींमुळेच हे घडले, असे म्हणणे अतिशयोक्त होईल. परंतु जिच्या शहाणपणाविषयी शंका घेण्याची एका समाजाला वर्षानुवर्षे सवय झाली होती, तिचे स्वातंत्र्य गेल्याचे त्याला फारसे नवल वाटले नाही, एवढे म्हणता येईल. जून २०२१ मध्ये ती स्वतः न्यायालयापुढे वीस मिनिटांहून अधिक वेळ बोलली आणि नोव्हेंबरमध्ये ते पालकत्व संपले. त्या दिवशी तिच्या बोलण्यात हशासाठी जागा सोडलेली नव्हती. तिला जे सांगावयाचे होते, ते कोणत्याही यजमानाच्या टिपणांत कधी नव्हते. आणि ते विचारले गेले नाही, याची उणीव समोर बसून हसणाऱ्यांना इतकी वर्षे जाणवली नव्हती.