शेवटची बोली कुणाची?

2018 च्या प्रो कबड्डी लिलावात रिशांक देवाडिगाचं नाव पुकारलं गेलं. त्याच वर्षी जानेवारीत हैदराबादला महाराष्ट्राने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्या संघाचा तो कर्णधार. बोली 1 कोटी 11 लाखांवर जाऊन थांबली, आणि यूपी योद्धाने कार्ड वापरलं. आधीच्या मोसमात तो त्यांच्याकडेच होता. बाजाराने ठरवलेला भाव त्यांनी मान्य केला आणि सांताक्रूझचा हा चढाईपटू पुन्हा यूपीचा झाला. या कार्डाचं नाव ‘फायनल बिड मॅच’. मैदानावर सगळे त्याला एफबीएम म्हणतात.

मी पनवेलला वकिली करते. उरण, पेण, अलिबाग, खालापूरकडची पोरं आणि त्यांचे पालक खेळाचे करार घेऊन माझ्याकडे येतात. रायगडात कबड्डी गावोगाव आहे, पण करार वाचायची सवय अजून गावात आलेली नाही. बहुतेकांची नजर आधी रकमेवर जाते. मी मात्र शेवटच्या पानांपासून सुरुवात करते, कारण करार संपल्यावर खेळाडू कुणाचा, हे तिथे लिहिलेलं असतं.

हा प्रश्न सगळ्यात तपशिलात सोडवला तो अमेरिकन फुटबॉलने. एनएफएलमध्ये तीन मोसम पूर्ण केलेल्या खेळाडूचा करार संपला की तो मोकळा होतो, पण पुरता नाही. जुना संघ त्याला एक ठरावीक रकमेचा प्रस्ताव देऊन ठेवतो. दुसऱ्या संघाने जास्तीचा करार देऊ केला तर जुन्या संघाला पाच दिवस मिळतात. तेवढ्यात त्याच अटी मान्य केल्या तर खेळाडू तिथेच राहतो. नाहीतर तो जातो, आणि सुरुवातीचा प्रस्ताव कोणत्या पातळीचा होता त्यानुसार जुन्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीतला एखादा हक्क भरपाई म्हणून मिळू शकतो. चार मोसम झाले की हे बंधन सुटतं. ही व्यवस्था 1993 मध्ये आली, खेळाडूंनी कोर्टात वर्षानुवर्षं भांडून मिळवली. 2007 मध्ये मायामीच्या वेस वेल्करवर असाच दुसऱ्या फेरीच्या भरपाईचा शिक्का होता. न्यू इंग्लंडने जुळवणीची टांगती तलवार टाळली, दुसऱ्या आणि सातव्या फेरीचे हक्क देऊन सरळ अदलाबदल केली. त्याच मोसमात वेल्करने 112 झेल घेतले.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. दुसऱ्या संघाच्या करारावर आधी खेळाडू सही करतो. म्हणजे कुठे जायचं हे तो निवडतो, मग जुना संघ आडवा येतो. आपल्याकडे लिलावात खेळाडू कुणालाच निवडत नाही. उरणकडच्या एका वडिलांना मी हे समजावत होते. कागद टेबलावर पसरलेले, मुलगा शेजारी मान खाली घालून बसलेला, मंडळाचे सेक्रेटरी दाराशी उभे. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे मॅडम, पोराला कोनी इचारनारच नाय?”

नाही विचारणार. 2025 च्या लिलावात तर एफबीएम वापरून खेळाडूला एक किंवा दोन मोसम ठेवायची मुभा संघांना मिळाली.

तरी कार्ड रद्द करा, असं मी म्हणणार नाही. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई पहिल्या मोसमात यू मुम्बाकडे 36 लाख 40 हजारांना होता. मुम्बाने त्याला कायम ठेवलं नाही, आणि 2019 मध्ये तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजले. 2021 मध्ये त्याच टायटन्सने एफबीएम वापरून त्याला 1 कोटी 30 लाखांना राखलं. त्या मोसमात दुखापतीमुळे तो मोजकेच सामने खेळू शकला. ओळखीचा संघ, ओळखीचा प्रशिक्षक, बाजारभावाएवढे पैसे: खेळाडूलाही हे हवंच असतं.

माझा आक्षेप क्रमावर आहे. शेवटचा शब्द जुन्या संघाचा असेल तर बाकीचे हात आखडतात. जो खेळाडू पदरात पडेलच याची खात्री नाही, त्याच्यासाठी बोली कोण ताणेल? कधी कधी दुसऱ्याची थैली रिकामी करायला मुद्दाम भाव चढवतात, तेव्हा खेळाडूचं भलं होतं. पण तो योगायोग झाला, नियम नव्हे. आयपीएलने यावर उपाय शोधला. नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाहच्या लिलावात ऋषभ पंतवर लखनौची बोली 20 कोटी 75 लाखांवर थांबली. दिल्लीने जुळवणीचं कार्ड काढलं. नव्या नियमाने लखनौला आणखी एक बोली लावता आली आणि त्यांनी 27 कोटी सांगितले. दिल्लीने माघार घेतली. एका जादा बोलीने खेळाडूला सव्वासहा कोटी जास्त मिळाले. कबड्डीत हा नियम आणायला एक ओळ पुरे आहे.

दुसरी ओळ संमतीची. एनएफएलमध्ये करारात तसं कलम नसेल तर संघ खेळाडूला न विचारता दुसरीकडे पाठवू शकतो. आयपीएलमध्ये अदलाबदलीला खेळाडूचा होकार लागतो, पण त्याने स्वतःहून दुसरा संघ शोधायचा नाही. 2010 मध्ये रवींद्र जडेजा मुंबईशी परस्पर बोलणी केल्यामुळे एक वर्ष बाहेर बसला. तोच जडेजा 2025 मध्ये संजू सॅमसनच्या बदल्यात रीतसर चेन्नईहून राजस्थानला गेला. आमच्या पोरांना मी आधी हेच सांगते: फोन आला तरी तोंडी हो म्हणू नका.

आणि मंडळ? ज्या मैदानावर पोरगा घडला, त्याचा लिलावात उल्लेखही नसतो. जिल्ह्यात मंडळ बदलायचं तर ना-हरकत पत्र लागतं, तेवढाच त्यांचा हक्क. खारघरला सिडकोच्या फुटबॉल मैदानांवर खेळणारा एखादा मुलगा उद्या परदेशी क्लबांत बदली होऊन गेला, तर फिफाच्या नियमाने बदलीच्या रकमेचे 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. कबड्डीत सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत 9 लाख आहे. त्याचे 5 टक्के म्हणजे 45 हजार. एवढ्यात मंडळाच्या पोरांचे बूट, नी-कॅप निघतील, शिवाय मैदानावरच्या दिव्यांच्या बिलालाही हातभार लागेल. ही रक्कम लीगने वेगळी द्यावी, खेळाडूच्या मानधनातून कापू नये. असं कलम मी लिहायला घेईन तेव्हा ही अट पहिल्या ओळीत असेल.