बेकन्सकॉट : बागेंतलें एक गांव

इंग्लंडांत जाणारे आपल्याकडील प्रवासी बहुधा एकाच ठराविक वाटेनें हिंडतात. लंडनचे पूल, पार्लमेंटचें घड्याळ, ऑक्सफर्डचीं विद्यालयें, सवड झालीच तर शेक्सपिअरचें जन्मगृह; एवढें पदरांत पडलें कीं परतीची तयारी. बेकन्सफील्ड हें नांव या यादींत सहसा नसतें, आणि नसावें यांत नवलही नाहीं. लंडनच्या मेरिलबोन स्टेशनावरून निघालेली गाडी अर्ध्या-पाऊण तासांत तेथें पोंचते. स्टेशन १९०६ सालचें. त्याच्या भोंवतीं वाढलेली नवी वस्ती सुखवस्तु, नीटनेटकी, दारोदार फुलें असलेली, पण मुद्दाम वाट वांकडी करून पाहावी अशी नव्हे. जुनें गांव तेथून दक्षिणेस मैलभर आहे. तेथील चर्चमध्यें एडमंड बर्क १७९७ पासून विसांवला आहे, आणि त्याच्यामुळें या गांवाशीं आपलाही एक जुना धागा जुळलेला आहे.

१७८१ सालीं राघोबादादांचे वकील इंग्लंडास गेले होते. पेशवाईच्या गादीसाठीं इंग्रजांचें पाठबळ मिळवावें, ही खटपट. वकिलांपैकीं हणमंतराव हे ब्राह्मण. सोबत मणियार रतनजी हे पारशी गृहस्थ व त्यांचा मुलगा. लंडनसारख्या शहरांत सोंवळें संभाळून राहावें कसें, हा हणमंतरावांपुढें मोठाच प्रश्न होता. बर्कनें त्यांस बेकन्सफील्ड येथील आपल्या ग्रेगरीज नांवाच्या वाड्यावर नेलें आणि बागेंतलें, झाडांसाठीं बांधलेलें काचघर त्यांच्या स्वाधीन केलें. तेथेंच त्यांचा स्वयंपाक, तेथेंच त्यांचे नित्यविधि. ज्या बर्कनें पुढें वॉरन हेस्टिंग्जवरील खटला वर्षानुवर्षें लढविला, त्याच्या घरचा हा पाहुणचार! वकिलीचें फळ मात्र कांहींच निघालें नाहीं. दुसऱ्याच वर्षीं सालबाईच्या तहानें दादांच्या आशेवर पाणी पडलें, आणि ग्रेगरीजचा तो वाडाही १८१३ सालीं जळून गेला. नंतर जें पाहिलें त्यामुळें मला मात्र तें काचघर दिवसभर आठवत राहिलें. परक्या मुलखांत, दुसऱ्याच्या बागेंत, एका माणसानें चार हात जागेंत आपलें अख्खें घर मांडलें होतें.

स्टेशनापासून थोड्या मिनिटांच्या वाटेवर वॉरिक रोड म्हणून रस्ता आहे. माझी एक पुतणी लंडनांत नोकरीस असते. तिनेंच मला तेथें नेलें, आणि तिचा त्यांत एक हेतु होता, तो पुढें सांगेन. फाटकांतून आंत शिरतांच माणूस एकाएकीं राक्षस होतो. चर्चचा मनोरा छातीशीं येतो, दुकानांचीं छपरें कमरेशीं, आणि रस्त्यांतून चालणारीं माणसें पांच-सहा इंच उंचीचीं. फुटास इंच, म्हणजे बारांस एक, या प्रमाणांत रचलेलें हें गांव. गांव कसलें, दीड एकरांत पसरलेला सहा-सात गांवांचा मुलूखच. त्याचें नांव बेकन्सकॉट. बेकन्सफील्ड आणि ॲस्कॉट या दोन नांवांची मोट बांधून तें केलेलें आहे.

हें रचणारा रोलंड कॉलिंगहॅम हा धंद्यानें लंडनचा हिशेबनीस. रेल्वेच्या प्रतिकृतींचा त्याला नाद होता, आणि रूळ घरभर पसरले होते. शेवटीं पत्नीनें निर्वाणीचें बजावलें कीं, घरांत एक तर ही आगगाडी राहील किंवा मी तरी राहीन, अशी कथा सांगतात. कथेंत थोडें मीठमसाला असेल. पण ज्या घरांत एखादा छंदिष्ट पुरुष आहे त्या घरच्या गृहिणींना तींत अशक्य असें कांहींच दिसणार नाहीं. गाडी बागेंत गेली. पोहण्याच्या तलावासाठीं माती खणली, तिचे डोंगर झाले, पाण्याचा समुद्र झाला, आणि माळी, मोटर हांकणारा, घरांतील नोकरमाणसें अशा सर्वांच्या हातभारानें कांठांवर गांवें वसत गेलीं. हें सारें स्वतःच्या व मित्रमंडळींच्या करमणुकीसाठीं होतें. १९२९ च्या ऑगस्टमध्यें लोकांस तें पाहावयास मोकळें झालें आणि त्यांच्याकडून येणारा पैसा धर्मादायास जाऊं लागला. पुढें राणी झालेल्या एलिझाबेथ लहानपणीं येथें येऊन गेल्या होत्या.

काय काय वर्णावें? हिरवळीवर क्रिकेटचा सामना चालू आहे. एका गवती छपराच्या घराला आग लागली आहे आणि बंबवाले खरोखरीचें पाणी मारीत आहेत. कोळशाची खाण आहे, कोळ्यांचें बंदर आहे, विमानतळ आहे, प्राणिसंग्रह आहे. मुख्य स्टेशनाचें नांव मेरिलू. मेरिलबोन आणि वॉटर्लू यांचा हा समास. खाटकाच्या दुकानावर पाटी ‘सॅम अँड एला’; मोठ्यानें म्हणून पाहावी, म्हणजे तींत साल्मोनेला हा पोट बिघडविणारा जंतु ऐकूं येतो. भाजीवाला ‘क्रिस पी. लेटिस’, म्हणजे कुरकुरीत सॅलडचा पालाच. आपल्याकडे असले श्लेष नाटकांत शोभतात. येथें ते गुडघ्यापर्यंतच्या दुकानांवर आहेत, आणि ते वाचावयाचे तर वांकावें लागतें. थोरामोठ्यांना वांकावयास लावणारी ही युक्ति मला फार आवडली.

पण खरी मौज पुढेंच आहे. वस्तु लहान करतां येते, सृष्टि लहान करतां येत नाहीं. घर बारांतला एक हिस्सा झालें तरी पाऊस पूर्वीचाच पडतो. तेथल्या रहिवाशाच्या हिशेबानें प्रत्येक थेंब लिंबाएवढा! ओकचें एक पान अंगणांत पडलें तर तें चटईएवढें. चिमणी छपरावर बसली तर ती पुरुषभर उंचीची. हिंवाळ्यांत फटींत मुरलेलें पाणी गोठून फुगतें आणि भिंतीचा पोपडा उडवितें. जें घर खऱ्या मापांत शंभर वर्षें टिकावें तें येथें थोड्या हिंवाळ्यांत जेरीस येतें. म्हणून दरवर्षीं थंडीच्या महिन्यांत हें गांव बंद असतें, आणि त्या काळांत रंग, डागडुजी, छपरें बदलणें चालतें. झाडांची गोष्ट याहून अवघड. झाडाला प्रमाण ठाऊक नसतें. तें वाढत राहतें. येथें हजारों खुजीं झुडपें कात्रीखालीं ठेवून वृक्षांच्या रूपांत नांदवलीं आहेत. आम्ही गेलों तेव्हां एक माळी गुडघे टेकून एका ‘वटवृक्षा’ची (मला तो तसाच दिसला) फांदी छाटीत होता. दोन पानें काढावयाचीं, मागें सरून पाहावयाचें, पुन्हा एक पान. असें तो किती वेळ करीत होता, हें मीं घड्याळ लावून पाहिलें नाहीं. पण आमचें अर्धें गांव पाहून झालें तरी तो त्याच झाडाशीं होता.

गाडीच्या बाबतींत मात्र एक तडजोड आहे, आणि जाणकाराच्या डोळ्यांना ती खटकते. रूळ पावणेदोन इंच रुंदीचे, ज्यांस एक नंबरचा गेज म्हणतात. त्यांवरच्या गाड्या बत्तीसांस एक या प्रमाणांत येतात. म्हणजे गांवकऱ्याला आपल्याच गाडीच्या डब्यांत शिरतां यावयाचें नाहीं. मी हें पुतणीस म्हणालों. ती म्हणाली, “काका, आजोबा असते तर दाराशींच परत फिरले असते.”

हे आजोबा म्हणजे माझे चुलते आप्पा. तेही हिशेबनीसच, एका रेल्वे-कचेरींत जन्मभर जमाखर्च तपासून निवृत्त झालेले. ताळेबंद जुळेपर्यंत उठावयाचें नाहीं, ही संवय ज्या हाताला लागली तो हात रिकामा बसत नसावा. निवृत्तीनंतर वाड्याच्या माजघरांत त्यांनीं आठ फुटांचें मेज मांडलें आणि त्यावर बोरघाटाची प्रतिकृति करावयास घेतली; तीही घाटांतल्या उलट-फेर स्टेशनाची. तरुण वाचकांस हें सांगावयास हवें कीं १८६३ सालीं हा घाटरस्ता सुरू झाला तेव्हां सुमारें पंधरा मैलांच्या त्या चढांत पंचवीस बोगदे होते, आणि एका अरुंद सोंडेवर गाडीला वळण घेण्याइतकी जागाच नव्हती. गाडी तेथें थांबावयाची, इंजिन या टोंकाचें त्या टोंकास जोडावयाचें, आणि गाडी उलट तोंडानें पुढचा चढ चढावयाची. नवे बोगदे होऊन १९२९ च्या सुमारास हें स्टेशन मोडीत निघालें. बेकन्सकॉट उघडलें त्याच सुमारास हें मिटलें, हा योगायोग मला वॉरिक रोडवर उभा असतांनाच सुचला.

आप्पांचें काम अकरा वर्षें चाललें. कागदाचा लगदा, लांकडाचा भुसा, आगकाड्या, दुधाच्या डब्यांचा पत्रा. काकू कुरकुरत, पण रात्रीं जेवणें आटोपल्यावर सोजीची खळ त्याच शिजवून देत. घरांतलीं मुलें भोंवतीं जमत, आणि प्रत्येकाला कांहीं तरी काम मिळे. माझ्या पुतणीचें काम झुडपें करण्याचें. हळदींत बुडविलेला भुसा एक दिवस, निळींत बुडविलेला दुसऱ्या दिवशीं. ज्या दिवशीं ती रुसलेली असे त्या दिवशीं आप्पा तिला कांहीं विचारीत नसत, नुसता चिमटा हातांत देत. ती आज चाळिशीची आहे. तिच्या सांगण्यावरून दिसतें कीं तिच्या बापाशीं तिचें जें कधीं बोलणें झालें नाहीं तें आजोबांशीं त्या मेजाभोंवतीं, बहुधा न बोलतां, झालें.

आपल्याकडे या हौसेची परंपरा नाहीं असें कोणी म्हणूं नये. दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला न करणारें घर पूर्वीं पुण्यांत विरळा. त्यावर अळीव पेरून रान उगवावें, मावळे चढवावे, आणि दिवाळी सरली कीं तो मोडावा. पोरींची भातुकली तर प्रतिकृतीचें शास्त्रच. परंतु आपलें हें सारें मोडण्यासाठींच मांडलेलें; टिकविण्याचा प्रश्नच त्यांत उठत नाहीं. पुण्यांत कोथरूडला भाऊ जोशी यांचें छोट्या रेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं उघडलें, हा अपवाद. आणि तो पाहून आलेल्या मुलांचे डोळे कसे होतात हें मीं पाहिलें आहे.

आप्पा गेले, आणि आतां वाड्याच्या जागीं इमारत होते आहे. वाटणीला येणाऱ्या घरांत आठ फुटांचें मेज मावणार नाहीं. एक भाऊ म्हणतो छायाचित्रें काढून ठेवूं. दुसरा म्हणतो कोणा शाळेस देऊं. तिसरा बोलत नाहीं, म्हणजे त्याला तें रद्दींत गेलेलें चालेल. या वादासाठींच पुतणीनें मला बेकन्सकॉटला आणलें होतें. एका माणसाची हौस त्याच्यामागें कशी राहते, हें तिला मला दाखवावयाचें होतें. कॉलिंगहॅम १९६१ त वारला. १९७८ सालीं या गांवाचा कारभार चर्च आर्मी या धर्मादाय संस्थेनें हातीं घेतला, आणि गाड्या चालूच राहिल्या.

तिचें म्हणणें मला पटलें. तथापि एक गोष्ट मीं तिच्यापुढें ठेवली. पूर्वीं हें गांव काळाबरोबर बदलत असे, नव्या इमारती, नवीं विमानें येत. १९९२ सालीं तें पुन्हा १९३० नंतरच्या दशकांत नेऊन ठेवावयाचें ठरलें. तेव्हांपासून तेथें तें एकच दशक नांदतें आहे. कोणतें? त्या दशकांत इंग्लंडांत लक्षावधि माणसें बेकार होतीं. १९३६ सालीं जॅरोचे कामकरी भाकरीसाठीं पायीं लंडनास आले होते. आणि आमच्याकडे १९३० सालीं मिठासाठीं लोक तुरुंगांत जात होते. बेकन्सकॉटच्या खाणींतला कोळसा कोणाचेंच तोंड काळें करीत नाहीं. हें खोटें आहे असें मी म्हणत नाहीं. एनिड ब्लायटन या लेखिकेचें या गांवांतलें खरें घर पाडलें गेलें, पण त्याची प्रतिकृति येथें उभी आहे, हाही या बागेचाच उपकार. फक्त आठवणींतला कोणता भाग जपावयाचा हें जपणाराच ठरवितो.

पुतणी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आजोबांनीं बोगद्याच्या तोंडाशीं खोपी केल्या होत्या, आठवतें?” मला आठवत होतें. घाट खणतांना हजारों मजूर पटकी-तापानें आणि अपघातांनीं दगावले, तेव्हां त्यांच्या झोंपड्यांवांचून घाट दाखवावयाचा नाहीं, असा आप्पांचा हट्ट. साऱ्या मेजावर पाहणाऱ्याची नजर प्रथम इंजिनाकडे जाई. त्या खोपी कोपऱ्यांत, बोटाच्या पेराएवढ्या, गवताच्या काडीच्या. त्या तिनेंच शाकारल्या होत्या.

मेरिलबोनकडे परततांना गाडींत तिनें कागद काढला आणि मेजाची आकृति काढली. “आठ फूट सलग मावत नाहींत,” ती म्हणाली, “पण तीन तुकडे झाले तर?” मीं तिला सांगितलें कीं मेजाच्या खालच्या अंगास पितळेचे स्क्रू आहेत; आप्पांनीं तें मुळांतच तीन भागांत बांधलें आहे, आणि सांधे बोगद्यांच्या आंत लपविले आहेत. तिनें आकृतीवर दोन रेघा मारल्या, आणि कोणता भाग कोणाकडे जाईल याचीं नांवें लिहावयास घेतलीं. न बोलणाऱ्या भावाचें नांव तिनें खोपींच्या भागावर घातलें.