पोटातली टिकली

आमच्या राजुऱ्यात बर्फ पडला तो ऐन मे महिन्यात. पारा ४६ वर होता, कूलरमध्ये ओतलेलं पाणी कूलरच पिऊन टाकत होता, वर्धेच्या पुलावरून येणारी एस.टी. तव्यासारखी तापून स्टँडवर लागत होती, आणि आमच्या अंगणातला कडुनिंब मात्र पांढराशुभ्र, हिमालयातल्यासारखा गारठून उभा होता. अर्थात फोटोत. हा फोटो मी गल्लीत ज्याला त्याला दाखवला. निम्म्यांनी विचारलं, "काश्मीरले कधी जाऊन आले, सर?" उरलेल्या निम्म्यांनी हिला बाजूला घेऊन, सरांना ऊन तर लागलं नाही ना, अशी चौकशी केली.

यात दोष माझा नाही, माझ्या भाच्याचा आहे. तो पुण्याला असतो. त्यानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना मामाला दिला. इथपर्यंत त्याचं चुकलं असं कोणी म्हणणार नाही. पण देण्यापूर्वी त्यानं एका कारागिराकडून त्या कॅमेऱ्याचं पोट फाडून घेतलं होतं. "मामा, यातली आतली काच काढलीय. आता याला सगळं दिसतं," असं तो म्हणाला. सगळं दिसणारी एक व्यक्ती आमच्या घरात गेली ४५ वर्षं आहे. दुसरीची गरज मला तरी भासली नव्हती.

भानगड अशी आहे. आपल्या डोळ्यांना जांभळ्यापासून तांबड्यापर्यंतचाच उजेड दिसतो. शास्त्राच्या भाषेत सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर. पण डिजिटल कॅमेऱ्यातली सिलिकॉनची चकती भारी चोंबडी असते. तिला तांबड्याच्या पलीकडचं, थेट हजारापर्यंतचं दिसतं. ते सगळं फोटोत उतरलं तर रंगांचा विचका होईल, म्हणून कारखानदार त्या चकतीपुढं एक निळसर काच बसवतात. जुन्या वाड्यात ओसरीच्या दाराशी आजी बसायची ना, आलेल्या माणसाला आत सोडायचं की नाही ते ठरवायला, तसं हिचं काम. भाच्यानं ही आजी काढून टाकली आणि तिच्या जागी अगदी स्वच्छ काच बसवली. नुसती रिकामी जागा ठेवली तर फोकसचं गणित बिघडतं म्हणे. म्हणजे आजी नको, पण आजीचा पाट तिथं हवा.

शिवाय एक डबी. तिच्यात चौकटीत बसवलेल्या चार चिमुकल्या काचा. आमच्या हिच्या टिकल्यांच्या पाकिटासारखी ती दिसते, म्हणून मी त्यांना टिकल्याच म्हणतो. लेन्स फिरवून काढायची, आतल्या चकतीच्या पुढं टिकली बसवायची आणि लेन्स परत लावायची. पहिली टिकली लावली की कॅमेरा पूर्वीसारखा सज्जन होतो. मग ५९० ची, ७२० ची आणि ८५० ची. आकडा जितका मोठा, तितका नेहमीचा उजेड बाहेर आणि पलीकडचाच आत. लेन्सच्या तोंडावर लावायचे फिल्टरही मिळतात, पण प्रत्येक लेन्सचं तोंड निराळ्या मापाचं. ही पोटातली टिकली सगळ्या लेन्सांना चालते. काटकसरी माणसाला पटण्यासारखा हा एवढा एकच मुद्दा या साऱ्या प्रकरणात होता.

मात्र टिकली बदलताना कॅमेऱ्याचं पोट उघडं पडतं, आणि धुळीचा एक कण आत गेला तर तो पुढच्या प्रत्येक फोटोत डाग होऊन बसतो. भाचा म्हणाला, "धूळ नसेल अशा जागी बदलत जा." धूळ नसलेली जागा! आमच्या एका अंगाला सास्तीच्या कोळशाच्या खाणी, दुसऱ्या अंगाला गडचांदूरकडचे सिमेंटचे कारखाने. काळी हवी तर काळी घ्या, पांढरी हवी तर पांढरी. शेवटी मी पलंगावर मच्छरदाणी सोडली, तिच्यावर पाणी शिंपडलं, पंखा बंद केला आणि भर दुपारी आत शिरून चिमट्यानं टिकली बसवू लागलो. घामाच्या धारा. हिनं दारातून पाहिलं.

"काय करून राह्यले जी मच्छरदानीत?"

"टिकली बदलतोय."

हिनं काही न बोलता दार लोटून घेतलं. संध्याकाळी तिच्या माहेरून माझ्या तब्येतीची चौकशी करणारा फोन आला.

पण खटाटोप वाया गेला असं म्हणवत नाही. तांबड्याच्या पलीकडे काही आहे, हे १८०० साली विल्यम हर्शेलनं शोधलं. लोलकातून पडलेल्या रंगांत त्यानं थर्मामीटर ठेवले, आणि तांबड्याच्या बाहेर, जिथं काहीच दिसत नाही तिथं ठेवलेल्याचा पारा सगळ्यांत जास्त चढला. पुढं १९१० मध्ये रॉबर्ट वुडनं या उजेडात काढलेले फोटो छापले, तेव्हा त्यातली झाडं अशीच बर्फाळ निघाली. पानातलं हिरवं द्रव्य तांबडा आणि निळा उजेड खाऊन टाकतं, पण या उजेडाला ते हातही लावत नाही. आतल्या हवाभरल्या पेशींवर आपटून तो बराचसा परत येतो. म्हणून पान पांढरं, आणि निळं आभाळ मात्र काळंभोर. हे सगळं मी गल्लीत समजावून सांगितलं. शेजारचे म्हणाले, "उष्णतेचे किरण म्हणता ना? मंग आमच्या पोट्ट्याले ताप हाय का पाहा बरं." अंगाची ऊब पाहणारं यंत्र निराळं, ते फार लांबच्या किरणांवर चालतं, असं मी सांगितलं. ते निराश होऊन थर्मामीटर मागून घेऊन गेले.

वाघाचाही विषय निघालाच. राजुऱ्यात कोणताही विषय चार वाक्यांत वाघावर येतो. माणसं मारणारा आर.टी.-१, म्हणजे 'राजुरा टायगर' नंबर एक, २०२० च्या ऑक्टोबरात पकडला जाईपर्यंत इथली माणसं शेतावर जाताना मागं वळून वळून बघत होती. त्याच्या मागावर रानात कॅमेरे लावले होते. रानात लावतात त्या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळांच्या पोटात अशीच काच असते. दिवसा ती पुढं असते, अंधार पडला की 'टक्' करून आपण होऊन बाजूला सरकते आणि कॅमेरा त्या न दिसणाऱ्या उजेडात पाहू लागतो. तिथं मच्छरदाणी लागत नाही, चिमटा लागत नाही. जे काम रानातली डबी मास्तरावाचून रोज दिवेलागणीला करते, ते मला दीड तास पुरतं.

माझ्या विसरभोळेपणाचा खरा इंगा पाहायला मिळाला तो पुतणीच्या लग्नात. सज्जनपणाची टिकली लावायची मी विसरलो आणि मोकळ्या पोटानिशी लग्नघर टिपलं. व्याही काळाकुळकुळीत सूट घालून आले होते. फोटोत तो भरताच्या वांग्याच्या रंगाचा निघाला. काळ्या दिसणाऱ्या कित्येक कृत्रिम कापडांवरून हा पलीकडचा उजेड परावर्तित होतो, त्याला व्याही काय करणार? पण व्याह्यांना नॅनोमीटर सांगायचे नसतात. मी त्यांना लायकाची गोष्ट सांगितली. जगप्रसिद्ध जर्मन कंपनी, २००६ साली तिचा एम-८ हा डिजिटल कॅमेरा आला. त्यात ही काच फार पातळ पडली आणि गिऱ्हाइकांचे काळे कोट जांभळे दिसू लागले. कंपनीला लेन्सवर लावायचे फिल्टर लोकांना फुकट द्यावे लागले. व्याह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आम्हाला काय देता?" पुन्हा एकदा सूट घालून त्यांना अंगणात उभं करावं लागलं.

हिचा विरोध मात्र एका फोटोनं मावळला. या उजेडात कातडी दुधासारखी दिसते, डाग आणि बारीक सुरकुत्या कुठल्या कुठं जातात. "असेच काढत जा ना," ही म्हणाली. मग तिनं फोटो मोठा करून पाहिला. डोळे दोन काळ्या खड्ड्यांसारखे आणि कपाळावर शिरांचं जाळं. तेव्हापासून डबी पुन्हा कपाटात गेली.

ती बाहेर निघाली बाजाराच्या यादीमुळं. हिनं निळ्या पेनानं लिहून दिलेली यादी मी ८५० च्या टिकलीनं सहज टिपली, तर फोटोत कोरा कागद! "यादीत काही नाही, मी जात नाही," असं सांगून पाहिलं. पिशवी हातात मिळाली. पण भाच्यानं फोनवर खुलासा केला. निळी शाई म्हणजे नुसता रंग, या उजेडाला ती काचेसारखी आरपार. शिसपेन्सिल किंवा काजळीची शाई मात्र तिथंही काळीच राहते. मृत समुद्राकाठी सापडलेल्या जुन्या गुंडाळ्या याच युक्तीनं टिपून वाचल्या गेल्या.

आणि मला दादांची वही आठवली.

दादा, म्हणजे माझे वडील, रोजचा खर्च शिसपेन्सिलीनं टिपत. दर रविवारी आई ती वही घेऊन हिशेब तपासायला बसे. १९६३ च्या वहीत चैत्रातल्या एका पानावर एक ओळ निळ्या शाईनं अशी गिरगटली आहे की कागद फाटायचा बाकी. तिच्याखाली त्याच शाईनं लिहिलंय, 'किरकोळ, २ रुपये'. दादांच्या हिशेबात किरकोळ हा शब्द दुसऱ्या कुठल्याच पानावर नाही. काकांना चोरून दिलेले पैसे तिथं दडलेत, असा आईचा शेवटपर्यंत संशय होता. तिनं तो बोलून दाखवला की दादा फक्त हसत. दोघंही आता नाहीत.

एलईडीच्या दिव्यात हा उजेड जवळजवळ नसतो. उन्हात भरपूर असतो, आणि उन्हाची आमच्याकडं टंचाई नाही. वही अंगणात मांडली, मच्छरदाणीत जाऊन टिकली बसवली आणि फोटो काढला. निळी गिचमीड गेली. 'किरकोळ'ही गेलं. उरली पेन्सिलीची एक ओळ, दादांच्या त्या उभट अक्षरात:

'चि. – जत्रा – २ रु. – न सांगता.'

त्या चैत्रात मी शेजाऱ्यांबरोबर चांद्याला महाकालीच्या जत्रेला गेलो होतो. जाताना खुंटीवरच्या दादांच्या सदऱ्यातून दोन रुपये काढले होते. जत्रेत एका फोटोवाल्यापाशी पुठ्ठ्याचं विमान होतं, त्यात बसून मला फोटो काढून घ्यायचा होता. घरी सांगितलं, शेजारच्या काकांनी काढून दिला. दादांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "विमान छान आहे." मी सुटलो असं समजलो. साठ वर्षं समजत होतो.

दादांना हिशेब खोटा लिहिता येत नव्हता, म्हणून त्यांनी तो खरा लिहिला. रविवारी वही आईच्या हातात जाणार, म्हणून खोडला. बेरीज चुकू नये, म्हणून खाली किरकोळ घातलं, आणि काकांवरचा आळ जन्मभर ऐकून घेतला.

मी अंगणात वहीपुढं उकिडवा बसून राहिलो. किती वेळ, कोण जाणे. ही पदर डोक्यावर घेऊन बाहेर आली.

"बाप्पा, उन्हात काहून बसले? काय निघालं त्या वहीत?"

"काही नाही," मी म्हटलं. "किरकोळ."